बँकेची नोटीस आली आणि मालक बोलेनासे झाले

पत्र बेळगावजवळच्या मच्छ्याहून आलं आहे. लिहिणाऱ्या ताईंनी नाव छापू नका म्हणून विनंती केली आहे, म्हणून नाव आणि काही खुणा गाळून पत्र देते.

‘सात वर्षांपूर्वी अठरा लाखांचं कर्ज काढून आम्ही घर बांधलं. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर एक खोली अर्धी राहिलीय. आमचे मालक उद्यमबागेत टर्नर आहेत. ओव्हरटाइम धरून अठ्ठावीस हजार मिळायचे. गेल्या वर्षी कारखान्यातली दुसरी पाळी बंद झाली, आता पंधरा हजारांच्या वर जात नाही. मी शिवणकाम करते, पाच-सहा हजार मिळतात. हप्ता १६,२०० चा. काही महिने कसाबसा भरला, मग बायकांच्या संघाची (बचत गटाची) दोन कर्जं काढून भरला, आता पाच हप्ते थकलेत. तीन आठवड्यांपूर्वी बँकेची नोटीस आली, इंग्रजीत आणि कन्नडमध्ये. मुलीनं वाचून सांगितलं, साठ दिवसांत पंधरा लाख अडुसष्ट हजार भरा नाहीतर घर ताब्यात घेऊ. मालकांनी ती कपाटात टाकली. कुणाशी बोलत नाहीत, रात्रभर अंगणात बसतात. परवा म्हणाले, मी नसतो तर विम्याचे पैसे तरी आले असते. दीर म्हणतात, एका फायनान्सवाल्याकडून पाच लाख काढून देतो. ओळखीचे एक वकील म्हणाले, कोर्टातून स्टे आणतो. खानापूरचा माझा भाऊ जामीनदार आहे, त्याला अजून पत्ता नाही. सासूबाईंनाही नाही. मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, आहे. घर जाणार का? मी काय करू?’

ताई,

आधी मालकांबद्दल बोलू. नोटिशीला अजून पाच आठवडे अवधी आहे, त्यांच्या त्या वाक्याला नाही.

आज रात्री, मुलगी झोपल्यावर, त्यांच्याशेजारी बसा आणि सरळ विचारा: ‘जीव द्यायचा विचार मनात येतोय का?’ असं विचारलं तर नको ती गोष्ट डोक्यात भरेल अशी भीती वाटते, पण तसं होत नाही. उलट इतके दिवस एकट्यानं वाहिलेलं ओझं बोलून दाखवायला माणसाला वाट मिळते. ते ‘हो’ म्हणाले, किंवा काहीच बोलले नाहीत, तर त्यांना एकटं ठेवू नका. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्री कधीही लागतो आणि मराठीतून बोलता येतं. तुम्ही स्वतः आधी फोन केला तरी चालतं, काय बोलायचं ते तिथली माणसं सांगतात. दुसऱ्या दिवशी त्यांना सिव्हिलला मानसोपचार विभागात घेऊन जा. ‘वेड लागलंय का मला?’ असं म्हणतील. झोप गेलीय, त्यासाठी दाखवायचंय, एवढं सांगा, आणि ते खोटंही नाही. दिरांना मदत करायचीच आहे ना? मग फायनान्सवाला शोधण्याऐवजी पुढचे काही दिवस संध्याकाळी भावाबरोबर येऊन बसा म्हणावं.

आणि त्यांना माझ्याकडून एक सांगा. मी बँकेच्या वसुली विभागात बरीच वर्षं काम केलं. घर गेलेली कुटुंबं पाहिली. पुढे भाड्याच्या घरात त्यांनी पोरांची लग्नं केली, काहींनी पुन्हा जागाही घेतली. घरातला माणूस गेलेली कुटुंबंही पाहिली. विम्याच्या पैशानं तिथलं काही भरून आलेलं मी पाहिलं नाही.

आता नोटीस कपाटातून बाहेर काढा.

हप्ता नव्वद दिवसांहून जास्त थकला की बँक खातं एनपीए, म्हणजे थकीत, धरते आणि सरफेसी कायद्याच्या, म्हणजे कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या २००२ सालच्या कायद्याच्या, कलम १३(२) खाली साठ दिवसांची नोटीस काढते. थकले ऐंशी-एक्क्याऐंशी हजार आणि मागतात पंधरा लाख अडुसष्ट हजार, हे बघूनच माणूस गारठतो. मालकांचं तेच झालं असणार. पण ही बँकेची रीतच आहे. खातं एनपीए झालं की बँक सगळं कर्ज एकदम परत मागते. याचा अर्थ पंधरा लाख आणल्याशिवाय दुसरा रस्ता नाही असा नाही. मुद्दल-व्याजाची सगळी थकबाकी भरली की खातं पुन्हा नियमित धरायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ‘सगळी’ हा शब्द लक्षात ठेवा. वसुलीवाला घरी येऊन तीन हजार, पाच हजार घेऊन जातो, त्यानं खातं एनपीएतून बाहेर येत नाही. शिवाय त्याच्या हातात रोख कधीच देऊ नका. जे भरायचं ते थेट कर्जखात्यात भरा आणि पावती ठेवा.

साठ दिवस संपले की एकसष्टाव्या दिवशी पोलीस दारात येतात असंही नाही. त्यानंतर बँक कलम १३(४) खाली कागदावर ताबा घेते. दारावर नोटीस चिकटवतात, सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत छापतात, त्यात नाव आणि घराचा पत्ता असतो. तेव्हाही तुम्ही घरातच राहत असता. प्रत्यक्ष घर रिकामं करून घ्यायचं तर बँकेला कलम १४ खाली डीसींकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे, अर्ज करावा लागतो, त्यांचा आदेश झाल्यावर अधिकारी आणि पोलीस येतात. बँकेच्या एजंटानं चार पोरं आणून कुलूप लावतो म्हणून दम दिला तर त्याला तो अधिकार नाही. लिलावाआधी पुन्हा तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. म्हणजे वेळ आहे. पण हा वेळ गप्प बसून घालवला तर बँकेच्या कामी येतो. दर महिन्याला व्याज चढतं, नोटिशीचा, जाहिरातीचा, वकिलाचा खर्च तुमच्याच खात्यावर पडतो, आणि तुमच्या हातातले मार्ग एकेक करून कमी होतात.

नोटीस कन्नड-इंग्रजीत आहे म्हणून कळली नाही, हे कारण पुढे चालेल असं धरून बसू नका. मराठीतून कागद मिळावेत ही आपल्या भागातली मागणी खरी आहे, मलाही ती मनापासून पटते. पण साठ दिवस मोजताना बँक भाषा बघत नाही. मुलगी वाचते ही तुमची जमेची बाजू आहे. तिच्याकडून चार गोष्टी एका कागदावर मराठीत उतरवून घ्या: नोटिशीची तारीख, मागितलेली रक्कम, कुठल्या तारखेपर्यंतचं व्याज धरलंय, आणि सही कुठल्या शाखेच्या अधिकाऱ्याची आहे.

मग हिशोब. तो तुम्ही आणि मालकांनी मिळूनच करायचा.

अठरा लाख, वीस वर्षं, ९ टक्के दर धरला तर हप्ता साधारण १६,२०० येतो. पहिल्या हप्त्यातले १३,५०० व्याजात गेले, मुद्दल फिटलं फक्त २,७०० रुपयांचं. तुम्ही साडेसहा वर्षांहून जास्त, एकूण पावणेतेरा लाखांच्या आसपास भरलेत आणि मुद्दल तीन लाखही कमी झालेलं नाही. हे वाचून राग येईल, येऊ द्या. पण यात तुमच्या मालकांची चूक काही नाही. मोठ्या मुदतीच्या कर्जात सुरुवातीची वर्षं अशीच जातात. ते त्यांना आकड्यांनिशी दाखवा, कारण ‘सात वर्षं राबून मी काय केलं’ हाच प्रश्न त्यांना अंगणात बसवून ठेवत असणार.

आता पुढचं. बँकेला मुदत वाढवून मागता येते. समजा बँकेनं मनाचा मोठेपणा दाखवला आणि पंधरा लाख अडुसष्ट हजारांना पुन्हा पूर्ण वीस वर्षं दिली. तरी हप्ता १४,१०० होतो. एकवीसशे रुपयांचा फरक. मालकांचं वय पंचेचाळीसच्या पुढे असेल तर वीस वर्षं मिळतीलच असंही नाही. तुमची आजची मिळकत दोघांची मिळून एकवीस हजार, राज्य सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार येत असतील तर तेवीस. त्यातून १४,१०० गेले तर चार माणसांचं खाणं, लाईट, मुलीचं कॉलेज, सासूबाईंचं औषध आणि संघाचे दोन हप्ते नऊ हजारांत बसवायचे. बसत नाहीत. म्हणजे आजच्या मिळकतीवर नुसती मुदत वाढवून हे घर राहत नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण गोड बोलून तुमचे पाच आठवडे वाया घालवणं मला जमणार नाही.

मग सगळं एका प्रश्नावर येऊन थांबतं: येत्या चार-सहा महिन्यांत तुमची मिळकत पुन्हा तीस हजारांजवळ जाईल का? दुसऱ्या कारखान्यात, होनग्याला, काकतीला किंवा थोडं लांब कोल्हापूरकडे, टर्नरला काम मिळेल का? हे मालकांना माहीत असतं, आपल्याला नसतं. कामाबद्दल विचारलं की गप्प झालेला माणूसही थोडं बोलायला लागतो, हेही मी पाहिलंय.

उत्तर ‘हो’ असेल तर घर धरून ठेवायचा प्रयत्न करा, आणि तेव्हाच सोनं विकायचा विचार करा. गहाण ठेवू नका, ते आणखी एक व्याज झालं. विकून सगळी थकबाकी एकदम भरा, आणि भरण्याआधी शाखेकडून लिहून घ्या की एवढी रक्कम भरल्यावर खातं नियमित होईल आणि नोटीस मागे घेतली जाईल. मिळकत सावरायची चिन्हं नसतील तर मात्र मंगळसूत्राला हात लावू नका. चार महिन्यांनी पुन्हा हेच दिवस येतील आणि तेव्हा सोनंही नसेल.

उत्तर ‘नाही’ असेल, तर ताई, घर बँकेला विकू देऊ नका. तुम्ही स्वतः विका.

हे ऐकायला कठीण आहे. पण माझ्या कामाच्या वर्षांत ज्यांचं सगळ्यात जास्त नुकसान झालं ते शेवटपर्यंत हातावर हात ठेवून बसलेले लोक होते. लिलावात घेणारा येतो तोच स्वस्तात मिळेल म्हणून. किमान किंमत बँकेचा मूल्यमापक ठरवतो, आत माणसं राहतात म्हटलं की बोली आणखी खाली येते. बँकेचं येणं आणि खर्च फिटून वर काही उरलं तर ते कायद्यानं तुम्हालाच मिळतं. पण कमी पडलं तर उरलेल्या रकमेसाठी बँक तुमच्या आणि भावाच्या मागे येऊ शकते. तेच घर तुम्ही शांतपणे गिऱ्हाईक बघून विकलंत, समजा तीस लाखांना, तर कर्ज आणि किरकोळ खर्च वजा जाता तेरा-चौदा लाख हातात राहतात. तीस हा मी धरलेला आकडा आहे. तुमच्या गल्लीत गेल्या वर्षभरात कुठलं घर कितीला गेलं ते दोन-तीन ठिकाणी विचारा, उपनोंदणी कार्यालयात गाइडन्स व्हॅल्यू, म्हणजे सरकारनं ठरवलेली किंमत, बघा, एकाच एजंटावर विसंबू नका.

विकताना एक अट आहे आणि ती बऱ्याच लोकांना माहीत नसते. १३(२) ची नोटीस मिळाल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही, भाड्यानंही देता येत नाही. म्हणजे वरची खोली पुरी करून भाडेकरू ठेवायचा बेत असेल तरी आधी बँकेला विचारावं लागेल. संमती मागायला घाबरू नका. पैसे येणार म्हटल्यावर बँक सहसा आडवी येत नाही, लिलावाचा खटाटोप तिलाही नको असतो. गिऱ्हाईक आणि तुम्ही दोघंही शाखेत जा, गिऱ्हाइकाची रक्कम थेट कर्जखात्यात जाऊ द्या आणि बँक मूळ कागद कधी देणार ते लिहून घ्या. कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, उशीर बँकेमुळे झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ सालचा आदेश आहे. आणि ई-खाता, म्हणजे घराचा ऑनलाइन उतारा, झाला नसेल तर उद्याच अर्ज करा. आता कर्नाटकात त्याच्याशिवाय खरेदीखत नोंद होत नाही, आणि चांगली गिऱ्हाइकं ई-खात्यासाठी महिनोन्‌महिने थांबत नाहीत.

राखायचं असो की विकायचं, याच आठवड्यात बँकेला पत्र द्या. तोंडी बोलून काही उपयोग नाही. मॅनेजर भला असला तरी त्याच्या हातात फारसं नसतं, फाईल वरच्या ऑफिसला जाते आणि तिथे कागद बोलतो. कलम १३(३अ) नं तुम्हाला नोटिशीला उत्तर द्यायचा हक्क आहे, आणि ते मान्य नसेल तर पंधरा दिवसांत कारणं देऊन कळवायची जबाबदारी बँकेवर आहे. फार मोठं लिहू नका. कर्ज खाते क्रमांक. इतकी वर्षं हप्ते वेळेवर भरले. अमुक महिन्यापासून पगार २८ हजारांवरून १५ वर आला, सोबत पगाराच्या पावत्या. खात्याचा पूर्ण उतारा आणि दंड कसा लावला त्याचा तपशील द्यावा. आणि मग तुमचं म्हणणं: एकतर थकबाकी अमुक तारखेपर्यंत भरून हप्ता कमी करून मिळावा, किंवा स्वतः विक्री करून कर्ज फेडायला चार महिने आणि लेखी संमती मिळावी. दोघांच्या सह्या करा. दोन प्रती काढा, एक शाखेत देऊन दुसरीवर इनवर्डचा शिक्का घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर वाद घालू नका, समोरच्या पोस्टात जाऊन पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा.

उताऱ्यात दंड नीट बघा. थकलेल्या हप्त्यावरचा दंड हा आकार म्हणून वेगळा लावायचा असतो, तो व्याजदरात मिसळून त्यावर पुन्हा व्याज चढवायचं नाही, हाही रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश आहे. चूक दिसली तर पत्रात लिहा. बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवाउडवीचं दिलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते. १४४४८ वर चौकशी करा. लोकपाल तुमचं कर्ज माफ करणार नाही, ती अपेक्षा ठेवू नका.

वकिलांबद्दल. बेळगावच्या दिवाणी कोर्टातून स्टे आणून देतो म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी दहा वेळा विचार करा. सरफेसीच्या कारवाईत दिवाणी कोर्टाला हात घालता येत नाही, कायद्याच्या कलम ३४ मध्ये तसं स्पष्ट आहे. दाद मागायची ती कर्ज वसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, आणि ते आपल्यासाठी बेंगळुरूला आहे. तेही आज नाही. बँकेनं ताब्याची कारवाई केल्यानंतर पंचेचाळीस दिवसांत. बँकेनं नियम मोडले असतील तरच तिथे जाण्यात अर्थ आहे. नुसता वेळ मिळावा म्हणून पाचशे किलोमीटरच्या फेऱ्या आणि वकिलाची फी तुम्हाला झेपणार नाही. त्यापेक्षा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता तिथे फुकट वकील मिळतो, तुमच्या नावानं अर्ज करा. १५१०० हा त्यांचा नंबर. पत्र इंग्रजीत करून द्यायलाही तिथे मदत मागा. लोक अदालतीत बँकेची माणसं बसतात, हप्ता ठरवायला किंवा विक्रीसाठी मुदत घ्यायला ती चांगली जागा आहे.

हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी मध्येच एक सांगते. कर्ज सहकारी बँकेचं असलं तरी हाच कायदा लागतो. निपाणीच्या पलीकडे मुरगूड आहे, तिथल्या सहकारी बँकेच्या खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं तो प्रश्न कायमचा मिटवला. पतसंस्था बँक नसते, तिला हा कायदा वापरता येत नाही, तिची वसुली सहकार खात्यातून दावा लावून होते. शेतजमीनही या कायद्यातून बाहेर आहे.

आता दिरांचा फायनान्सवाला. नको. पाच लाखांनी पंधरा लाख फिटत नाहीत, आणि थकबाकी भरायला पाच लाख लागत नाहीत. मग ते कशासाठी? महिना पाच टक्के जरी लावले तरी पंचवीस हजार नुसतं व्याज, म्हणजे बँकेच्या हप्त्याच्या दीडपट. वर कोरे चेक घेतात, कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सह्या घेतात. बँकेला नियम आहेत, तिच्या माणसांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोनही करता येत नाही. फायनान्सवाला कसले नियम पाळतो? दिरांचा हेतू चांगला असेल, पण सही करू नका आणि मालकांनाही करू देऊ नका.

संघाच्या कर्जाचं मात्र मला जास्त लागलं. तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला खात्री आहे की घराचे पाच हप्ते थकले तरी संघाचा एकही थकलेला नाही. बरोबर ना? कारण बँक लांब आहे आणि संघाच्या बायका दर आठवड्याला येतात. एकीचा हप्ता राहिला की बाकीच्या तिथून उठत नाहीत, शेजारणीसमोर मान खाली जाते. म्हणून हातात आलेला पैसा आधी तिकडे जातो. आपल्या भागात कितीतरी घरं अशी मागे पडली: ज्याचा आवाज मोठा त्याला आधी, आणि घर ज्याच्याकडे तारण आहे त्याला उरलं तर. घर राखायचं ठरलं तर हा क्रम उलटा करावा लागेल. संघाच्या ऑफिसात जाऊन हप्ता कमी करून मागा. शिवीगाळ, धमकी, सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर दारात येणं हे रिझर्व्ह बँकेच्या नियमात बसत नाही. बळजबरीच्या वसुलीविरुद्ध कर्नाटकात २०२५ साली वेगळा कायदाही झाला आहे. पण तुमच्याच गल्लीतल्या बायकांवर पोलीस आणायची वेळ येऊ देऊ नका. त्यांनाही तीच धास्ती असते, आधी त्यांच्याशी बोला.

राहिली घरची माणसं. मुलीपासून लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, नोटीस तिनंच वाचलीय. तिला फक्त एक सांगा: काही झालं तरी तुझी परीक्षा होईपर्यंत आपण याच घरात आहोत. वर सांगितलेल्या पायऱ्या बघता हे बहुधा खरंच होईल, आणि पत्रात बँकेकडे मुदत मागताना तिच्या परीक्षेची तारीखही लिहा. सासूबाईंना पेपरात नाव यायच्या आधी सांगा. दारावर कागद चिकटलेला दिसून कळण्यापेक्षा मुलाच्या तोंडून कळलेलं बरं. त्या रडतील. त्यांच्याकडे तुम्हाला माहीत नसलेली एखादी पावती किंवा जमिनीचा उतारा निघाला तर मला नवल वाटणार नाही, पण ते मागायला म्हणून सांगू नका.

भावाला मात्र येत्या रविवारीच. जामीनदाराकडेही बँक नोटीस पाठवते, कदाचित ती वाटेत असेल. त्याची शेतजमीन सरफेसीखाली ओढता येत नाही आणि त्यानं स्वतःची कुठली मालमत्ता तारण दिलेली नसेल तर त्याच्या घरावर असा थेट ताबाही येत नाही. पण त्याचा सिबिल बिघडू शकतो, त्याच्यावर कोर्टात दावा होऊ शकतो, त्याला पुढे ट्रॅक्टरचं कर्ज काढायचं असेल तर अडेल. हे त्याला कळायचा हक्क आहे. फोनवर नको. दोघं मिळून खानापूरला जा, मालकांनाही बरोबर घ्या, ते नको म्हणतील तरी. नोटिशीची झेरॉक्स, हिशोबाचा कागद आणि बँकेला दिलेल्या पत्राची शिक्का मारलेली प्रत बरोबर असू द्या, म्हणजे तुम्ही हातावर हात ठेवून बसलेल्या नाही हे त्याला दिसेल. पैसे मागू नका. जामीनपत्रावर त्यानं किती रकमेला आणि कधी सही केली होती ते विचारा, आणि त्याच्याकडे प्रत असेल तर तिचीही झेरॉक्स काढून आणा. विधी सेवेचा वकील ती मागेल.